मलेरिया नाही, मग गोळी मलेरियाची का?

"काय वो भावजी, मला कुठं मलेरिया झालाय?" मिरजेच्या डॉक्टरांकडून सांगलीला परतलेल्या वहिनींनी गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढं धरलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. गालांवर लाल चट्टे, सकाळी आखडणारी बोटं, रक्तात एएनए (आपल्याच पेशींच्या गाभ्यावर उलटणाऱ्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, निदान ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचं. मेडिकलवाला मात्र "मलेरियाची गोळी" म्हणून मोकळा झाला होता.

प्रश्न बिनतोड होता. उत्तरासाठी बी पेशीत शिरावं लागतं.

अँटिबॉडी बनवणाऱ्या या पेशींच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे समोरची वस्तू पकडणारे रेणू असतात. जनुकांचे तुकडे अंदाधुंद जोडून ते घडतात, त्यामुळे काही नेमके आपल्याच डीएनए-आरएनएला चिकटणारे निघतात. काही कसले! 2003 मध्ये माणसाच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या बी पेशी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक घरभेदी निघाल्या. बऱ्याचशा पुढं गाळल्या जातात. उरलेल्यांतल्या अनेक सुस्त पडून राहतात, कारण नुसतं चिकटून भागत नाही, दुसरा इशारा लागतो.

तो एरवी टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी देतात. पण आणखी एक वाट आहे. बी पेशीच्या पोटात आम्लधर्मी पिशव्या असतात आणि त्यांत टीएलआर 7 आणि टीएलआर 9 हे पहारेकरी. पहिला आरएनए ओळखतो, दुसरा डीएनए. विषाणू सापडावेत म्हणून ही सोय. मेलेल्या पेशींचा कचरा शरीर झटपट उचलतं, त्यामुळे आपला माल सहसा तिथवर पोचत नाही. घरभेदी रिसेप्टर मात्र तोच कचरा पकडून थेट पिशवीत ओढून नेतो. बाहेरचा इशारा आणि आतला इशारा एकाच वेळी, आणि सुस्त पेशी जागी होते. उंदरांच्या बी पेशींत ही जोडगोळी 2002 मध्ये दिसली.

दोन गोष्टी एकदम आल्या की काय होतं, हे सांगलीत समजवायला फार बोलावं लागत नाही. कोयना धरणातून किती पाणी सोडलं एवढ्यावर इथं कुणी थांबत नाही, वारणेचंही विचारतो. हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी तुंबतं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलेलं पाणी वहिनींनी पाहिलंय.

टीएलआर 7 चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांत दोन एक्स, त्यातला एक बहुतांशी बंद. पण हे जनुक काही पेशींत त्या बंदीतून निसटतं. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका का, याचं एक कारण इथं असावं. 2022 मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत याच जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आढळलं. तिला लहानपणीच ल्युपस झाला होता. तोच बदल उंदरांत केला, तर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला.

आता गोळी. मलेरियाच्या जंतूच्या पोटातही आम्लाची पिशवी असते. रक्तातलं हिमोग्लोबिन तो तिथंच पचवतो. हे औषध आम्ल असेल तिथं जाऊन साचतं. जंतूत त्याचं पचन बिघडवतं, आपल्या पेशींत पिशवीतलं आम्ल कमी करून पहारेकऱ्यांना नुसतं ढिलं पाडतं. म्हणून ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि क्वचित डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, त्यामुळे ठरावीक काळानं डोळे तपासायचे.

वहिनींनी पेन मागून घेतलं आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत "डोळे" एवढंच लिहिलं.