काचबिंदू आणि 21 चा आकडा : पार्श्वभूमी

डोळ्यांच्या तपासणीनंतर केसपेपरवर 'प्रेशर 18/17, नॉर्मल' असे लिहून मिळाले की माणूस निर्धास्त घरी जातो. डोळ्यातला दाब 21 पर्यंत ठीक मानणाऱ्या या 'नॉर्मल'ला अजून सत्तर वर्षेही झालेली नाहीत, पण काचबिंदूच्या, म्हणजे दृष्टीची नस निकामी करणाऱ्या आजाराच्या, निदानातला बराचसा घोळ त्याच्यापाशीच सुरू होतो.

त्याआधीचे थोडक्यात. काचबिंदूला इंग्रजीत 'ग्लॉकोमा' म्हणतात; त्यामागचा ग्रीकांचा मूळ शब्द निळसर-हिरव्या झाकेचा, आणि त्यात मोतीबिंदूही मोडायचा. आपल्याकडेही आयुर्वेदातला 'काच' हा तिमिराचा (नजर मंदावण्याचा) पुढचा टप्पा, म्हणजे मोतीबिंदूच्या जवळचा. आजच्या काचबिंदूची लक्षणे जुळतात ती 'अधिमंथा'शी. मोतीबिंदू म्हणजे गढुळलेले भिंग, हे अठराव्या शतकात पक्के झाले आणि दोन आजारांची ताटातूट झाली. 1851 मध्ये ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायचे उपकरण, आल्यावर जिवंत डोळ्यातली दृष्टीची नस दिसू लागली. काचबिंदूत ती आधी फुगल्यासारखी वाटली, खरे तर खोल गेली होती. 1857 मध्ये बर्लिनच्या एका शस्त्रवैद्याने आयरिसचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) तुकडा काढून अचानक चढलेला दाब उतरवून दाखवला, आणि 1870 च्या दशकात दाब उतरवणारे पायलोकार्पिनचे थेंब आले.

दाब नेमका मोजणे जमले 1950 च्या दशकात, स्वित्झर्लंडमध्ये. ते यंत्र आजही दवाखान्यात असते. हनुवटी टेकवायची, डोळ्यात बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग, मग निळा प्रकाश. डॉक्टरांना दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत बाजूची चकती फिरवायची आणि तिच्यावरच्या आकड्याला दहाने गुणायचे.

21 मात्र या यंत्रातून आलेला नाही. 1958 मध्ये जर्मनीत डोळ्यांचा आजार माहीत नसलेल्या सुमारे 10,000 लोकांचा दाब जुन्या पद्धतीच्या यंत्राने मोजला गेला. सरासरी 15.5 मिमी (पाऱ्याचे), प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप, 2.57. सरासरीत विचलनाची दुप्पट मिळवून वरची मर्यादा काढली आणि ती पुढे 21 म्हणून रूढ झाली. ही संख्याशास्त्रातली रेघ होती. तिच्या वर काही निरोगी माणसे असणारच, हे तिच्या मांडणीतच होते. पाहणी करणाऱ्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चूक नंतर झाली. ही रेघ म्हणजेच आजार, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले.

त्याचा फटका दोन्हीकडून बसला. 1991 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत काचबिंदूच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा दाब पहिल्या मोजणीत रेघेखालीच निघाला. जपानमधल्या एका पाहणीत तर प्राथमिक ओपन अँगल काचबिंदूच्या (डोळ्यातले पाणी निचरणारा कोन उघडा असूनही होणाऱ्या प्रकाराच्या) 92 टक्के रुग्णांचा दाब 21 किंवा त्याहून कमी होता. अशांसाठी 'नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा' हे वेगळे नाव पडले. हे नाव मला घातक वाटते, कारण त्यात दाबाला निर्दोष ठरवल्याचा भास आहे. 1998 मधल्या चाचणीत अशाच रुग्णांचा दाब 30 टक्क्यांनी उतरवला, तेव्हा नुकसान वाढलेल्या डोळ्यांचे प्रमाण 35 वरून 12 टक्क्यांवर आले. म्हणजे तो 'नॉर्मल' दाबही त्या नसेला जास्तच होता.

रेघेच्या वर दुसरा वाद. उपचार सगळ्यांना द्यायचे का? 2002 मध्ये अमेरिकेतल्या 1,636 जणांच्या चाचणीचे निकाल आले. दाब 24 ते 32, नस मात्र शाबूत. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी 9.5 टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी 4.4 टक्क्यांना. थेंबांचा फायदा निर्विवाद, पण न घेणाऱ्यांतलेही नव्वद टक्के त्या काळात ठीक राहिले. याच चाचणीने कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) जाडीचे महत्त्व ठसवले. कॉर्निया पातळ असेल तर आकडा फसवा, कमी येतो. म्हणून लॅसिक, म्हणजे चष्मा घालवण्यासाठी कॉर्निया पातळ करणारी लेसर शस्त्रक्रिया, झालेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ब्रिटनमध्ये 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर केवळ 21 च्या वर दाब म्हणून रुग्णालयात धाडलेल्यांची रीघ लागली. 2017 मध्ये तिथे ती मर्यादा 24 वर नेली.

उपचारांची गाडी दरम्यान पुढे गेली. 1978 मध्ये अमेरिकेत टिमोलॉलचे थेंब आले, 1996 मध्ये रात्री एकदाच घालायचे लॅटॅनोप्रॉस्टचे. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनीही थेंब लागत नव्हते. 1991 मध्ये पहिल्यांदा दाखवलेले ओसीटी, प्रकाशाने डोळ्यातले थर टिपणारे यंत्र, आता जिल्ह्याच्या गावीही नसेच्या थराची जाडी मोजते.

तरी दक्षिण भारतातल्या पाहण्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे याचा पत्ताच नव्हता. शिबिरात हवेच्या फुंकरीने दाब काही सेकंदांत मोजून होतो. नस नीट पाहायची तर आधी डोळ्याचा कोन तपासायचा, मग थेंब घालून बाहुली मोठी होईपर्यंत अर्धा तास थांबायचे, आणि बाहेर तोवर रांग वाढलेली असते. शिबिरांचे जे कागद मला पाहायला मिळाले, त्यांतल्या बहुतेकांवर दाबाच्या रकान्यात आकडा होता आणि त्याखालचा 'सीडी रेशो'चा, म्हणजे नस किती खोल गेली त्याच्या मापाचा, रकाना कोरा.