स्क्रीनशॉट कोर्टात चालेल का, आणि वकिलाशी बोललेलं बाहेर येईल का

फोंड्याकडच्या आमच्या ओळखीच्या एका काकांवर देवळाच्या महाजनांच्या वॉट्सअॅप ग्रुपात कोणीतरी लिहिलं की जत्रेचे पैसे ह्यांनी खाल्ले. काकांना अब्रुनुकसानीची केस घालायचीय. त्यांनी विचारलं, हा स्क्रीनशॉट चालेल ना, आणि मी वकिलाला जे मेसेज केलेत ते पण समोरचा मागेल का? बहुतेकांना हे एकच वाटतं, पण नाही.

पहिला प्रश्न ग्राह्यतेचा, म्हणजे कोर्ट ती वस्तू पुरावा म्हणून हातात घेईल का. नुसती प्रिंट नेऊन भागत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, त्यात एक भाग फोन वापरणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, सोबत फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक केसमध्ये 2020 साली सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्यातलं असंच सर्टिफिकेट सक्तीचं ठरवलं, पण मालकाने मूळ फोनच कोर्टात आणून साक्ष दिली तर त्याची गरज नाही असंही म्हटलं. आणि चोरून केलेलं रेकॉर्डिंग तेवढ्यानेच बाद होत नाही, हे 1973 च्या मलकानी केसपासून आहे.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. इथे मेसेज खरा असो, केसशी संबंधित असो, तरी त्याच नव्या कायद्याच्या कलम 132 प्रमाणे अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला तो उघड करता येत नाही. हक्क अशिलाचा, वकिलाचा नव्हे. बेकायदा कामासाठी सल्ला घेतला असेल तर मात्र हे संरक्षण नाही. आणि कलम 134 नीट वाचा, काका स्वतः साक्षीदार म्हणून उभे राहिले तर त्यांच्या साक्षीचा खुलासा व्हायला जेवढं लागेल तेवढं कोर्ट त्यांना सांगायला लावू शकतं, आणि आपल्या बदनामीच्या केसमध्ये फिर्यादी साक्षीला उभा राहतोच ना!

गोव्यात कायदा वेगळा असंही काही जण म्हणतात. पोर्तुगीज सिव्हिल कोड लग्न, वारसा यांसाठी आहे, पुराव्याला देशभराचाच कायदा.

काकांना सांगितलं, फोन विकू नका, चॅट पुसू नका, दिवाणी दाव्याला 1 वर्षाचीच मुदत आहे. ते वकिलाने पाठवलेला नोटिशीचा मसुदा ग्रुपवर टाकणार होते. तो हात जोडून थांबवला, कारण ग्रुपातला माणूस काही आपला वकील नाही, 132 त्याला गप्प बसवत नाही.