कोरांटीला कात्री कधी लावायची

दर दिवाळीला तीच तक्रार: "तुमच्याकडून नेलेली कोरांटी नुसती हिरवीगार आहे, फूल एक नाही!" आम्ही विचारतो, दसऱ्याच्या साफसफाईत छाटली होती का? जरा वेळाने उत्तर येतं, "सोसायटीच्या माळ्याने मेंदीबरोबर तीही गोल करून दिली."

फुलं तिथेच गेली. कोरांटीच्या कळ्या फांद्यांच्या शेंड्यांना आणि वरच्या पानांच्या बेचक्यात धरतात. भाद्रपद-आश्विनात, पाऊस ओसरताना, त्या तयार होत असतात. तेव्हा कात्री फिरवली की झाड मरत नाही, उलट जोमाने पालवतं, पण त्या वर्षीचा बहर हातचा जातो. छाटायचं ते बहर आटोपल्यावर, होळीच्या सुमारास. तेव्हा खुशाल निम्म्यावर आणा. जुलैपर्यंत शेंडे खुडलेले चालतात, झाड भरदार होतं. गणपती आले की कात्री बंद.

बाकी तिला लाड नकोत. पाच-सहा तास ऊन, आणि वरची माती बोटभर सुकल्यावर पाणी. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढाच. कुंडी हलकी हवी म्हणून पुष्कळजण कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मागतात. आपल्याकडच्या पावसात ते चार महिने ओलंगच्च राहतं आणि मुळं कुजतात. म्हणून आम्ही लाल माती, शेणखत आणि विटांचे तुकडे भरतो. कुंडी जड होते, मान्य. वर पोचवायला आमची मुलं येतात.

"फुलावर आलेलं रोप का देत नाही?" असंही विचारतात. ऑक्टोबरात फुललेलं रोप पटकन खपेल, हे आम्हालाही कळतं. पण जूनमध्ये लावलेलं रोप पावसात मूळ धरतं, मग उन्हाळ्यात एक-दोन दिवस पाणी चुकलं तरी तग धरतं. तेव्हा नोंदणी मे महिन्यात करा.

पिवळी कोरांटी म्हणजे वज्रदंती. तिला काटे असतात आणि ते चांगले टोचतात. घरात लहान मुलं असतील तर निळी किंवा पांढरी न्या. (दातांच्या औषधाचं वैद्यांना विचारा, आम्ही फक्त रोपं विकतो.) पानांवर काळपट, काटेरी अळ्या दिसल्या तर लगेच फवारू नका, बहुधा पॅन्सी फुलपाखरांच्या असतात.

आमच्याकडून नेलेल्या कोरांटीची पहिली छाटणी मार्चमध्ये फुकट करून देतो. ठाण्यात घोडबंदर रोड ते कळवा येण्याजाण्याचे पैसे नाहीत. ऐरोलीपासून पुढे रिक्षाभाडं तेवढं द्यावं लागेल.