वनरोस्टर आणि एलटीआय : एकाच संस्थेची दोन मानके, दोन वेगळी कामे

अमेरिकेतील एखादा शाळा-डिस्ट्रिक्ट (एका भागातील सरकारी शाळा चालवणारी संस्था) गणिताच्या सरावाचे किंवा वाचनाचे नवे सॉफ्टवेअर घेण्याचे ठरवतो, तेव्हा विक्रेत्याला विचारल्या जाणाऱ्या तांत्रिक प्रश्नांत वनरोस्टर आणि एलटीआय (लर्निंग टूल्स इंटरऑपरेबिलिटी) या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकांची नावे अनेकदा एकाच ओळीत येतात, जणू यांपैकी एक असले की दुसऱ्याची गरज उरत नाही. दोन्ही मानके वनएडटेक या एकाच संस्थेची असल्यामुळे (२०२२ पर्यंत ती आयएमएस ग्लोबल या नावाने ओळखली जात असे) आणि दोन्हींत विद्यार्थी, वर्ग, शिक्षक व गुण यांचाच उल्लेख असल्यामुळे हा घोळ समजण्याजोगा आहे. अमेरिकन शाळांसाठी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींचाही तो होतो.

वनरोस्टरचे काम शाळेचा पट एका प्रणालीकडून दुसरीकडे नेणे हे आहे. प्रवेश, इयत्ता, तुकडी आणि शिक्षकांच्या नेमणुका यांची अधिकृत नोंद शाळेच्या विद्यार्थी-माहिती प्रणालीत, म्हणजे एसआयएसमध्ये असते. ती नोंद इतर सॉफ्टवेअरला ठरावीक आकारात मिळावी, एवढ्यासाठी हे मानक आहे. ही देवाणघेवाण दोन प्रकारे होते. एक, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या तक्त्यांच्या) फाइलींचा संच, ज्यात संस्था, व्यक्ती, अभ्यासक्रम, वर्ग, शैक्षणिक सत्रे आणि नोंदणी यांच्या वेगवेगळ्या फाइली असतात आणि सोबतची मॅनिफेस्ट फाइल त्यांतली कोणती संपूर्ण आहे व कोणती फक्त बदलांची आहे हे सांगते. दुसरा, रेस्ट एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे वेबवरून थेट माहिती मागण्याची सोय. दोन्हींत पडद्यासमोर कोणीही बसलेले नसते. दोन सर्व्हर आपसांत बोलतात, आणि सीएसव्हीच्या बाबतीत हे बोलणे बहुधा रात्री होते.

एलटीआय मात्र कोणीतरी क्लिक केल्याशिवाय सुरूच होत नाही. विद्यार्थी मूडल किंवा कॅनव्हास यांसारख्या एलएमएसमध्ये, म्हणजे धडे, गृहपाठ व गुण ठेवणाऱ्या अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीत, आधीच लॉगिन झालेला असतो. तेथल्या धड्यातील दुव्यावर तो क्लिक करतो, आणि एलएमएस बाहेरच्या साधनाला (म्हणजे विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरला) सहीशिक्क्याचे पत्र द्यावे तसा एक संदेश देते: ही व्यक्ती आमची आहे, या अभ्यासक्रमातून, या भूमिकेत, या दुव्यावरून आत्ता आली आहे. २०१० च्या पहिल्या आवृत्तीत ही सही दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या एका गुप्त किल्लीने होत असे. २०१९ च्या १.३ आवृत्तीपासून तिची जागा ओपनआयडी कनेक्ट (ओळख पटवण्याची पद्धत) आणि जेसन वेब टोकन (सही केलेला छोटा संदेश) यांनी घेतली, आणि आता एलएमएस आपल्या खासगी किल्लीने सही करते व साधन ती सार्वजनिक किल्लीने तपासते.

एवढ्यावर थांबले असते तर घोळ झालाच नसता. पण एलटीआय १.३ सोबत एलटीआय अॅडव्हांटेज या नावाने तीन जोडसेवा आल्या, आणि त्यांतल्या दोन थेट वनरोस्टरच्या अंगणात उतरल्यासारख्या दिसतात: एक अभ्यासक्रमातील सदस्यांची यादी देणारी, दुसरी गुण परत पाठवणारी. (तिसरी, डीप लिंकिंग, शिक्षकाला साधनातला विशिष्ट धडा निवडून अभ्यासक्रमात ठेवू देते, तिचा येथे वाद नाही.) यादी एलटीआयनेही मिळते, तर वनरोस्टर कशाला, असा प्रश्न मग विचारला जातो.

त्याचे उत्तर यादीच्या व्याप्तीत आहे. एलटीआयची सदस्ययादी एका अभ्यासक्रमापुरती असते, आणि ती मागण्याचा पत्ता साधनाला मिळतो तो त्या अभ्यासक्रमातून झालेल्या क्लिकच्या संदेशातच. म्हणजे शिक्षिकेने निदान एकदा आपल्या अभ्यासक्रमातून ते साधन उघडेपर्यंत त्या साधनाच्या दृष्टीने तिचा वर्ग अस्तित्वातच नसतो. शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना सहावीच्या सर्व तुकड्यांची वाचन-चाचणी आखायची असेल, किंवा डिस्ट्रिक्टला सर्व शाळांचा एकत्रित अहवाल हवा असेल, तर एलटीआय कितीही नीट जोडलेले असले तरी त्याचा उपयोग नाही. वनरोस्टरमध्ये शाळा, सत्र, अभ्यासक्रम आणि त्याखालचे वर्ग यांची संपूर्ण उतरंड कोणी क्लिक करण्याआधीच पोहोचलेली असते. उलट, वनरोस्टरने पट पोहोचला म्हणून विद्यार्थ्याला आत येता येते असे नाही. लॉगिनची काही तरी सोय वेगळी लागतेच, आणि ती सोय अनेकदा एलटीआयच पुरवते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. एलटीआय पट तयार करत नाही. एलएमएसला जेवढे ठाऊक तेवढेच ते पुढे सांगते. सकाळी दाखल झालेला विद्यार्थी एलएमएसमध्ये दुसऱ्या दिवशी दिसणार असेल, कारण एलएमएस स्वतःच रात्रीच्या वनरोस्टर फाइलीवर अवलंबून आहे, तर दुव्यावर क्लिक करायला तो विद्यार्थी मुळात तेथे नसतोच. «एलटीआय तत्काळ असते» हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे.

गुणांच्या बाबतीत फरक दिशेचा आहे. एलटीआयच्या सेवेने साधन आपले गुण एलएमएसच्या गुणपत्रकात टाकते. जुन्या आवृत्तीत हे गुण शून्य ते एक या दरम्यानच्या दशांशात जात, म्हणजे २० पैकी १७ हे ०.८५ होऊन, आता मिळालेले गुण आणि कमाल गुण दोन्ही जातात. वनरोस्टरच्या गुणपत्रक सेवेचा मुख्य उपयोग याच्या पुढच्या टप्प्यावर, एलएमएसमधील गुण एसआयएसमध्ये नेण्यासाठी होतो, जेथून प्रगतिपुस्तक निघते. एकाच चाचणीचे गुण आधी एका मानकाने आणि मग दुसऱ्याने प्रवास करतात, आणि हे अगदी योग्य आहे.

दोन्ही एकत्र वापरणे योग्य असले तरी खरी अडचण तेथेच सुरू होते, ती ओळखीची. वनरोस्टरमध्ये प्रत्येक व्यक्तीला सोर्स्डआयडी हा ओळखक्रमांक असतो आणि तो सहसा एसआयएसकडून येतो. एलटीआयच्या संदेशात असतो तो एलएमएसने दिलेला वेगळाच क्रमांक. साधनाने हे दोन जुळवले नाहीत तर एकाच मुलीची दोन खाती तयार होतात: एक रात्री आलेल्या पटातून, दुसरे सकाळच्या क्लिकमधून. शिक्षिकेला पटातल्या खात्यापुढे शून्य काम दिसते, आणि मुलगी शपथेवर सांगते की तिने गृहपाठ केला आहे. ईमेलवरून जुळवणी करणे हा सोपा वाटणारा पण कच्चा उपाय आहे, कारण खालच्या इयत्तांतील मुलांना ईमेल नसू शकतो आणि असलेला बदलू शकतो. एलटीआयच्या संदेशात व्यक्तीचा आणि वर्गाचा सोर्स्डआयडी पाठवण्याची तरतूद आहे, तीच वापरावी. मात्र ती ऐच्छिक असल्यामुळे एलएमएसने ती माहिती खरोखर पाठवली आहे का, हे करार करण्यापूर्वी प्रत्यक्ष संदेश उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मानक पाळल्याच्या प्रमाणपत्रावरून ते ओळखता येईल असे समजू नये.

गोपनीयतेच्या दृष्टीने मला एलटीआय अधिक संयमी वाटते. त्याच्या संदेशात नाव आणि ईमेल वगळूनही साधन चालू शकते, आणि जो विद्यार्थी ते कधीच उघडत नाही त्याची माहिती, सदस्ययादी मागवली नसेल तर, साधनाकडे जातच नाही. वनरोस्टरमध्ये संपूर्ण पट आधी जातो, आणि डिस्ट्रिक्टने ठरवले तर जन्मतारीख व वंश यांची लोकसंख्याविषयक फाइलही त्यासोबत जाते. शब्दकोड्यांच्या एका छोट्या साधनाला ती फाइल देण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

भारतात चित्र वेगळे आहे. शाळांची विद्यार्थीनिहाय माहिती २०२२-२३ पासून यूडायस प्लस या शासकीय शालेय-माहिती प्रणालीवर भरली जाते, पण ती शाळेकडून शासनाकडे जाते. दोन सॉफ्टवेअरमधील देवाणघेवाणीसाठी ती व्यवस्था नाही, आणि म्हणून तिची तुलना या दोहोंपैकी कोणाशीच करू नये. आपल्याकडे यांतले पहिले दर्शन बहुधा एलटीआयचे होते, कारण आयआयटी मुंबईसह अनेक संस्था जे मूडल वापरतात त्यात ते अंगभूत आहे. बाहेरची प्रयोगशाळा किंवा प्रश्नसंच त्यामुळे सहज जोडता येतो, मात्र प्रवेशाची नोंद वेगळ्या प्रणालीत आणि मूडलमधील नोंदणी कोणीतरी एक्सेलमधून हाताने चढवलेली, अशी स्थिती असेल तर जोडणी करण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एलटीआयच्या आवृत्तीचा नसून ती एक्सेल कोण चढवते आणि तुकडी बदललेला विद्यार्थी तिच्यात किती दिवसांनी सरकतो, हा आहे.