कॅलाहन पुरस्कार: नाव कोण पाठवतं, काय लागतं आणि मत कुणाचं

अल्टिमेट फ्रिस्बी म्हणजे तबकडी (डिस्क) एकमेकांकडे फेकत पुढे नेऊन गोल करायचा सांघिक खेळ. अमेरिकेतल्या कॉलेज अल्टिमेट फ्रिस्बीमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला कॅलाहन पुरस्कार मिळतो. पुरुष गटात एक आणि महिला गटात एक. तो 1996 पासून दिला जातो. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलं हा खेळ खेळू लागली की लगेच विचारतात, फॉर्म कुठे मिळतो? पण खेळाडूने स्वतःसाठी भरायचा फॉर्म इथे नसतोच. नाव संघ पाठवतो आणि निकाल देशभरातल्या कॉलेज खेळाडूंच्या मतांवर लागतो. सीझनभर ज्यांच्याविरुद्ध खेळलात, तेच तुमचे परीक्षक.

पुरस्काराला ज्याचं नाव आहे तो हेन्री कॅलाहन ओरेगॉन विद्यापीठाचा खेळाडू. 1982 मध्ये त्याची हत्या झाली. समोरच्या संघाने फेकलेली डिस्क त्यांच्याच मागच्या एंडझोनमध्ये (मैदानाच्या टोकाला असलेल्या गोलच्या पट्ट्यात) हवेत पकडली की थेट गोल मिळतो, त्या गोललाही 'कॅलाहन'च म्हणतात. 2014 चा पुरुष गटातला विजेता डिलन फ्रीचिल हाही ओरेगॉनचाच.

पात्रता

पहिली अट सरळ आहे: खेळाडू 'यूएसए अल्टिमेट' या राष्ट्रीय संघटनेचा सभासद हवा आणि कॉलेज संघाच्या अधिकृत रोस्टरवर, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणी यादीत, त्याचं नाव हवं. खरी मेख इथेच आहे, कारण रोस्टरवर यायला त्या कॉलेजचा पदवीसाठी शिकणारा विद्यार्थी असावं लागतं. मास्टर्स करणारेही खेळू शकतात, त्यामुळे इथून इंजिनिअरिंग करून एमएससाठी गेलेल्यांना दार बंद नाही. मात्र कॉलेज अल्टिमेट खेळण्याच्या वर्षांना मर्यादा आहे. पदवी भारतात झाली असेल तर आपल्या वर्षांचा हिशोब सीझन सुरू व्हायच्या आधीच संघटनेकडून लेखी तपासून घ्या. एप्रिलमध्ये धावपळ करून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट: एका संघाकडून एकाच खेळाडूचं नाव जातं. संघात दोन तोडीस तोड खेळाडू असतील तर आधी घरातच निवड करावी लागते. कॅप्टनने एकट्याने ठरवण्यापेक्षा संघात गुप्त मतदान घेतलेलं बरं. नाहीतर रुसवेफुगवे नॅशनल्सपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत, पुरतात.

काय तयार ठेवायचं

कागदपत्रं म्हणावीत तर थोडीच: चालू सभासदत्व, रोस्टरवरची नोंद आणि विद्यार्थी असल्याची पडताळणी. ही पडताळणी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसमधून होते आणि तिथे चार दिवस सहज जातात. बाकी सगळं वजन नामांकनाच्या मजकुराचं आणि व्हिडिओचं.

निकषात आक्रमण आणि बचाव या दोन्हींतलं कौशल्य आहे, तसंच नेतृत्व आणि खिलाडूवृत्तीही आहे. तरी बहुतेक संघ मजकुरात नुसती विशेषणं ओततात: 'जबरदस्त', 'अफाट', 'एकमेव'. मतदाराला त्यातून काही कळत नाही. कॉलेज अल्टिमेटमध्ये फाउलचा निर्णय मुळात खेळाडूच देतात. मोठ्या सामन्यांत ऑब्झर्व्हर (तटस्थ निरीक्षक) असतात, पण तेही बहुधा वाद मिटला नाही तरच बोलतात. म्हणून खिलाडूवृत्ती दाखवणारा प्रसंग लिहा. समजा 14-14 असा स्कोअर आहे, पुढचा गोल म्हणजे सामना. तुमच्या खेळाडूने डाइव्ह मारून डिस्क पकडली, साइडलाइनवर संघ नाचायला लागला आणि त्याने उठून स्वतःच सांगितलं, 'माझा पाय बाहेर होता.' असं खरोखर घडलं असेल तर ते तारखेसकट, कोणत्या संघाविरुद्ध घडलं तेही नमूद करून लिहा. समोरच्या संघातले वीस-पंचवीस जण त्याचे साक्षीदार आहेत आणि त्यांनाही मत आहे.

व्हिडिओ बंधनकारक आहे म्हणून नव्हे, तर रिवाज आहे म्हणून जवळपास प्रत्येक मोठा संघ बनवतो. माझ्या मते त्यातच अन्याय होतो. लांब उड्या आणि लांब थ्रो कॅमेऱ्यात छान दिसतात, पण वाऱ्यात शांतपणे डिस्क फिरवत राहणारा हँडलर (पास देऊन चाल रचणारा खेळाडू) दिसत नाही. असा खेळाडू तुमच्याकडे असेल तर एखादा अख्खा पॉइंट (एका गोलपासून पुढच्या गोलपर्यंतचा खेळ) न कापता टाका. दहा-बारा पास सलग दिसले की जाणकाराला पुरेसं असतं. आणि मागचं गाणं हळू ठेवा.

मतदान

मत देण्याचा हक्क रोस्टरवरच्या कॉलेज खेळाडूंना. पुरुष गटातले खेळाडू पुरुष गटासाठी आणि महिला गटातल्या खेळाडू महिला गटासाठी मत देतात. पत्रकार, माजी खेळाडू यांना या मतदानात स्थान नाही. नामांकन आणि मतदान दोन्ही वसंतातल्या सीझनमध्ये उरकतं, कारण विजेत्याचा सन्मान मे अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत होणाऱ्या डिव्हिजन वनच्या (वरच्या गटाच्या) राष्ट्रीय स्पर्धेच्या सुमारास होतो. नेमक्या तारखा दरवर्षी वेगळ्या जाहीर होतात.

कॉलेज लहान असेल आणि संघ डिव्हिजन थ्रीमध्ये खेळत असेल, तर त्या गटासाठी डोनोव्हन पुरस्कार वेगळा आहे. तेव्हा नाव पाठवण्याआधी संघ कोणत्या डिव्हिजनमध्ये नोंदलेला आहे ते कॅप्टनने संघटनेच्या खात्यात उघडून पाहावं, आणि त्याच बैठकीत सगळ्यांचं सभासदत्व चालू आहे का तेही तपासावं.