कॅव्हन्साइट नेलेल्यांना विनंती: दगड धुऊ नका

"नळाखाली धरला, जुन्या टूथब्रशने हलकेच घासला, तर निळा गोळाच हातात आला. बदलून द्याल ना?" असा फोन आमच्या दुकानातून कॅव्हन्साइट, म्हणजे निळ्या स्फटिकांचं खनिज, नेलेल्यांकडून सारखा येतो. नाही, बदलून देता येत नाही. का, ते एकदाच लिहून ठेवतो.

तो गोळा म्हणजे एकसंध खडा नव्हे. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या सुयांसारख्या स्फटिकांचा तो झुबका असतो आणि खालच्या स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजाला जेमतेम टेकलेला असतो. खनिजांच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर कठीणपणा ३ ते ४, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. पाण्यात तो विरघळत नाही, पण नळाची धार आणि ब्रशचे केस सुया मोडतात, नाहीतर झुबकाच उचकटतात. सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर मुळीच घालू नका. धूळ उडवायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा पुरतो. कापसातही गुंडाळू नका. तंतू सुयांत अडकतात आणि मग चिमटा घेऊन तासभर आम्हीच बसतो.

नाव पडलं कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांवरून. निळाई व्हॅनेडियमची, रंग दिलेला नाही. १९६७ साली तो प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडला, पण जगभरच्या संग्राहकांना वेड लावलं ते आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खडीच्या खाणींनी. तिथला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट धरलं आणि बहुतेक नमुन्यांत त्याच्यावर हा निळा बसला.

"नीलमऐवजी अंगठीत चालेल का?" असंही विचारतात. नीलमचा कठीणपणा ९. हा अंगठीत टिकणार नाही, म्हणून आम्ही घडवून देत नाही. पत्रिकेचं गुरुजींना विचारा.

सुटलेला गोळा आम्ही चिकटवूनही देत नाही. यावर काही जण रागावतात. पण सुटे गोळे स्टिल्बाइटवर चिकटवून अस्सल म्हणून विकणारे बाजारात आहेत. आमच्या टेबलावर एकदा डिंक दिसला, की बाकीच्या मालावर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का? आमचा भाव थोडा चढा वाटतो तो यामुळेच. दुकानात भिंग आणि अतिनील टॉर्च ठेवली आहे. बरेच डिंक तिच्या उजेडात चमकतात. पैसे देण्याआधी स्वतः पाहून घ्या.

परदेशी भेट पाठवायची असेल तर पॅकिंग इथेच करून घ्या. पारदर्शक झाकणाच्या डब्या तीन मापांत मिळतात. एकदा नमुना आत बसला, की धूळ बसत नाही आणि धुवायचा मोहही होत नाही.