युद्धाघात व प्रलयभय (चित्रकलेतील)

युद्ध, नरसंहार किंवा जगबुडीच्या कल्पनेने मनात घर केलेली भीती रंगरेषांत मांडून ती सोसण्याजोगी करण्याचे प्रयत्न. प्रलयाची चित्रे अनेक संस्कृतींत आढळतात. त्यांपैकी ज्यांत चित्रकाराने स्वतःचा किंवा आपल्या काळाचा धसका हाताळला आहे, तेवढ्यांचाच येथे विचार केला आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची १५ काष्ठठशांची प्रलयमाला (१४९८) इ. स. १५०० च्या युगान्तभयाशी जोडण्याचा प्रघात असला, तरी ती बायबलच्या संहितेला इतकी धरून आहे की तिला व्यक्तिगत भयाचा पुरावा मानणे धाडसाचे ठरेल.

या बाबतीत स्विस मनोविश्लेषक कार्ल युंगचे उदाहरण सर्वांत वादग्रस्त आहे. ऑक्टोबर १९१३ मध्ये रेल्वेप्रवासात त्याला उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंतचा प्रदेश पुराखाली गेलेला व पुढे ते पाणी रक्त झालेले दिसले. आपल्याला वेड लागत असल्याची शंका त्याला आली. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर मात्र हे दर्शन केवळ आपल्या मनाचे नव्हते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्यानंतर बहुधा १९१५ पासून सुमारे १९३० पर्यंत लाल चामड्याच्या बांधणीच्या जाड वहीत तो या अनुभवांची चित्रे सुलेखनासह रंगवीत राहिला. ही वही २००९ साली प्रकाशित झाली. दर्शनाला पूर्वसूचना मानणारा एक पक्ष आहे. पण १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांमुळे युरोपात आधीच पसरलेली धास्ती लक्षात घेता, हवेत असलेल्या भयाने एका संवेदनशील मनात धारण केलेले रूप म्हणून त्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

उपचारपद्धती म्हणून चित्रकलेच्या उगमाबद्दलही एकमत नाही. इंग्लंडमध्ये तिचे श्रेय एड्रियन हिल यास देतात. पहिल्या महायुद्धात रणभूमीवर चित्रे काढलेला हा चित्रकार १९३८ मध्ये क्षयावर उपचार घेत असताना चित्रे काढू लागला व इतर रुग्णांनाही त्याने त्यात ओढले; कलोपचाराची इंग्रजी संज्ञा त्याने १९४२ च्या सुमारास रूढ केली. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्गकडे हा मान जातो. हिलच्या मते चित्र काढण्यात गुंतणे हेच औषध, तर नॉमबर्गच्या मते चित्र ही अबोध मनाची भाषा. भीती चित्रातून ‘बाहेर पडते’ हे विरेचनाचे स्पष्टीकरण लोकप्रिय असले, तरी हाताच्या संथ कामाने भयाला आकार व सीमा मिळते, हे म्हणणे अधिक पटणारे आहे. चेक प्रदेशातील टेरेझिनच्या नाझी छळछावणीत तेथेच कैदेत असलेली चित्रकर्ती फ्रीडल डिकर-ब्रांडाइस मुलांना चित्रकला शिकवीत असे व प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे, असा तिचा आग्रह असे. ज्या जागी माणसाचा क्रमांक झाला होता, तेथे कागदाच्या कोपऱ्यातले ते नाव फार मोलाचे होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. तिने मागे ठेवलेल्या पेट्यांतून सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली.

बडोद्यात या विषयाचे ठळक उदाहरण गायकवाड घराण्याच्या कीर्तिमंदिरात आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १९३६ मध्ये उभारलेल्या या स्मृतिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने भित्तिचित्रे रंगविली : गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांच्या एका नर्तकीविषयीच्या नाटकावर आधारित) व अखेर महाभारत-युद्ध. हीच वर्षे दुसऱ्या महायुद्धाची व १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची होत. कुरुक्षेत्राच्या भिंतीचा त्यांच्याशी थेट संबंध जोडण्यास सबळ आधार हवा. तथापि संहाराचे चित्र एकटे न ठेवता गंगा, मीरा व नटी यांच्या सोबतीने एकाच दालनात मांडले जाणे ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. बोस यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन यांनी बडोद्यात अध्यापन करीत असताना १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर भाजलेल्या मातीचे उठावफलक केले. ती काटेकोर अर्थाने चित्रे नव्हेत, पण पदके मिरवणारे सेनानी आणि शेजारी छिन्न अवयव, दोन्ही एकाच मऊ मातीतून बोटांनी दाबून घडविलेले आहेत.